पुलाआधी नदीकाठची पाहणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या भागात गोदावरीवर पूल होणार आहे. जैविक पाहणी एप्रिलमध्ये दोन दिवसांत उरकली, असं कळलं. एवढं पुरतं का? (वाचक, आनंदवल्ली, नाशिक)

मुळीच पुरत नाही. एप्रिलमधली गोदावरी म्हणजे गंगापूर धरणातून सुटलेलं पाणी आणि त्यात मिसळलेलं सांडपाणी. खडकाळ काठावर टिटवीची अंडी तेव्हा सापडतील, पण हिवाळ्यात येणारे तुतवार आणि धोबी हे पक्षी तोवर बहुतेक परतलेले असतात. बेडूक दडलेले असतात. पहिल्या पावसात नाल्यांतून वर चढणाऱ्या माशांची तर अशा अहवालात नोंदच होत नाही, आणि पुलाच्या खांबांसाठी टाकलेला भराव नेमका त्यांचीच वाट अडवतो. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिन्ही ऋतू पाहायलाच हवेत. दुतोंड्या मारुतीपर्यंत, म्हणजे नाशिककर पूर मोजतात त्या मूर्तीपर्यंत, पाणी चढलं असेल तर काठावरूनच नोंदी घ्याव्यात.

मी पाहणीला गेले की सगळ्यात आधी पात्रातले दगड उलटून बघते. त्यांच्या बुडाशी मेफ्लाय या कीटकाची पिल्लं चिकटलेली असली तर पाण्यात प्राणवायू बरा आहे. नुसत्या लाल रक्तअळ्या वळवळत असल्या तर तिथे मैला मुरलेला असतो. स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. पाणवेलींनी झाकलेल्या डोहात तो फार खाली जातो. म्हणून पुलाच्या जागेवर, तिच्या वरच्या अंगाला सोमेश्वरच्या बाजूला आणि खालच्या अंगाला, अशा तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी नमुने घ्यायला हवेत. काम सुरू होण्याआधीची ही नोंद हाती नसेल, तर उद्या मासे मेल्यावर दोष सिमेंटच्या पाण्याचा की गटाराचा, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

प्रश्न : रुंदीकरणात जुना वड तोडून त्याबदली दहा रोपं लावणार आहेत. चालेल? (वाचक, गंगापूर रोड)

राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. 50 वर्षं वा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावावी लागतात. तेव्हा दहाचा हिशोब मुळातच चुकला. शिवाय वडाच्या फळांवर तांबट, कोकीळ, वटवाघळं जगतात, त्याच्या ढोलीत पक्ष्यांची घरटी असतात. रोपाला हे जमायला दोन पिढ्या जातील. 2022 मध्ये उंटवाडीच्या जुन्या वडासाठी नाशिककर उभे राहिले आणि उड्डाणपुलाच्या आराखड्याचा फेरविचार करावा लागला. पुलाच्या मार्गाची रेषा पक्की होण्याआधी झाडं मोजली असती तर ती वेळच आली नसती, असं मला मनापासून वाटतं.

आणि वड राखला तरी बुंध्यापर्यंत डांबर ओतू देऊ नका. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये बुंध्याभोवतीचा एक मीटर भाग मोकळा ठेवायला सांगितलं होतं. मोठ्या वडाला तेवढंही अपुरंच पडतं.

प्रश्न : जुना पूल पाडताना त्याखालच्या पाकोळ्यांच्या घरट्यांचं काय? (वाचक, पंचवटी)

पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा. पाकोळ्या वर्षातून एकाहून अधिक वेळा अंडी घालतात, त्यामुळे तारखेवर विसंबू नका, प्रत्येक घरटं तपासा. ती रिकामी झाली की लगेच जाळी लावून जागा बंद करायची.

प्रश्न : शहरातल्या पुलाला पर्यावरण मंजुरी लागत नाही म्हणतात. मग आम्ही काय मागायचं? (वाचक, नाशिकरोड)

पर्यावरण मंजुरीबाबतच्या केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार नव्या महामार्गांना आधी मंजुरी घ्यावी लागते. महापालिकेचे रस्ते आणि पूल सहसा त्यात येत नाहीत. वृक्षतोडीची परवानगी मात्र चुकत नाही, तेव्हा झाडावर नोटीस दिसली की मुदतीत लेखी हरकत द्या. माहिती अधिकारात पाहणीच्या तारखा, नमुने घेतलेल्या जागा आणि पाहणी करणाऱ्यांची पात्रता मागा. तारखा एकाच महिन्यातल्या निघाल्या, तर पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणी करा, अशी मागणी त्याच अर्जाच्या आधारे करता येते.