आधी पाय मोकळे कर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

"विशारद होऊनही गोलात उभं राहून गाताना माझी पाळी आली की काहीच सुचत नाही," असं तू रविवारी म्हणालीस. गंगापूर रोडच्या रहदारीत उभ्याउभ्या उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून लिहिते आहे.

खरं तर तुला सुचलं होतं. भूप रागाची सुरेख तान घेतलीस. पण ती उचलणार कोण? या गाण्यात ना शब्द असतात, ना आधी बसवलेली चाल. एकीने छोटा तुकडा द्यायचा, शेजारणींनी तो उचलून फिरता ठेवायचा, त्यावर दुसऱ्या बाजूने दुसरा तुकडा चढवायचा आणि सगळं जमलं की एखादीने मधे येऊन मोकळं गायचं. अमेरिकेचे गायक बॉबी मॅकफेरिन यांनी गोलात उभं राहून असं गाणं जगभरच्या लोकांकडून करवून घेतलं. त्यात पहिला तुकडा साधाच लागतो. "सा रे ग, रे सा" एवढंच दे आणि न बदलता म्हणत राहा. थोड्या वेळाने कंटाळा येईल, गळ्याची एखादी हरकत घ्यावीशी वाटेल. घेऊ नकोस. तू जागेवर आहेस या भरवशावरच समोरची लांब जाऊन परत येते. पोवाड्यात शाहीर कुठेही गेला तरी मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांचं "जी जी" हलत नाही. माझ्या लेखी झील धरणारा गळा शाहिराइतकाच मोलाचा आहे.

आता अंगाचं. मांडी घालून रियाज केलेल्यांना उभं राहिल्यावर पायांचं काय करावं तेच कळत नाही. गुडघे ताठ होतात, पोट आवळतं, श्वास वरच्या वर राहतो आणि सूर गळ्याने ओढावा लागतो. म्हणून तोंड उघडायच्या आधी चपला काढ, गुडघे सैल सोड, वजन या पायावरून त्या पायावर जाऊ दे. निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघून नाशकातून जाते, तेव्हा यंदा दिंडीच्या कडेने चाल. टाळकऱ्यांची पावली जवळून बघ. पाऊल पुढे, पाऊल मागे, टाळांचा ठोका पडतो त्याच क्षणी पाय टेकतो, खांदे मात्र सैल. शब्द तेच, "जय जय रामकृष्णहरी". पुढच्याने चाल बदलली की कुणी न सांगता मागची ओळ ती उचलते, कारण लय पायांनी धरलेली असते आणि कान मोकळे असतात. नुसतं बघत राहू नकोस, चार पावलं त्यांच्यात टाक.

पट्टीचीही, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा याचीही, तुला काळजी आहे. बायका-पुरुष एकत्र आले की कुणाचा तरी गळा ताणला जातो, हे खरं. पण एक गंमत बघ. पुरुषांची पट्टी बहुधा काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी, तुझी काळी चार. काळी एकचा पंचम, म्हणजे प, तीच काळी चार! त्यांनी आपला सा धरला आणि तू तुझा, की तानपुऱ्याची सा-पची जोडी आपोआप लागते. ते त्यांच्या 'सा'पासून भूप गातील, तेच पाच सूर तुझ्या 'सा'पासून दुर्गा राग होतात. त्यांचं "सा रे ग" ते तुझं "म प ध". कुणालाच पट्टी सोडावी लागत नाही. घरी पेटीवर वाजवून बघ, मला हे दर वेळी नवं वाटतं.

लांब सूर धरला असेल तर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारीण घेईल तेव्हा तू धर, मग तू हळूच घे आणि तितक्याच हळू परत मिसळ. दोन्ही बाजूंच्या शेजारणी ऐकू येत नसतील तर तुझा आवाज जास्त लागतो आहे.

या सगळ्याने तालीम बिघडेल असं कुणी म्हणालं, तर मनावर घेऊ नकोस. रागाची शिस्त सकाळच्या रियाजाला आहेच. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तुझ्या विशारदच्या परीक्षा त्यांच्याच परंपरेतल्या. त्याच पलुस्करांनी पुढे आपल्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभा केला आणि चारचौघांच्या रामनामात आपला गळा मिसळला.

येत्या रविवारी पहिला तुकडा तू दे. तानपुरा घरीच ठेव. आणि तुझ्या भावालाही घेऊन ये, खर्ज, म्हणजे खालचे सूर, धरायला आपल्याकडे माणसं कमी पडतात.

तुझी,
मावशी