दक्षिणेकडील समुद्रकाठचे एखादे शांत कोळीगाव पाहायचे असल्यास तरंगंबाडीला जावे का?

तुम्ही लिहिले आहे की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन दक्षिणेत जायचे आहे, गर्दीचे किनारे नकोत, तमिळनाडूतील तरंगंबाडीचे नाव कानावर आले आहे, पण ‘तिथे दोन तासांच्या वर पाहण्यासारखे काही नाही’ असे कुणीतरी सांगितल्याने मन डळमळले आहे. नोकरीनिमित्त चेन्नईत असताना मी या किनाऱ्यावर बऱ्याच वेळा गेलो आहे, त्यामुळे माझे उत्तर आधीच सांगतो: अवश्य जावे, किमान दोन रात्री राहावे, आणि जमल्यास तारीख तीन-चार आठवडे पुढे ढकलून जानेवारीच्या उत्तरार्धात जावे.

‘दोन तासांत होते’ हे सांगणाऱ्याचे म्हणणे खोटे नाही, मात्र त्याने अर्धेच गाव पाहिलेले असणार. तरंगंबाडी ही एकमेकांना लागून असलेली दोन गावे आहेत. एक जुन्या तटबंदीच्या आतले, १७९२ साली बांधलेल्या पांढऱ्या वेशीतून आत शिरल्यावर लागणारे, जिथे सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चर्च, जुने बंगले आणि शाळा आहेत व रस्त्याच्या टोकाला समुद्रासमोर किल्ला आहे. पर्यटकांची गाडी इथे थांबते, किल्ला पाहते, छायाचित्रे घेते आणि कारैकाल किंवा वेलंकण्णीकडे निघून जाते. दुसरे गाव मच्छिमारांचे. ते पहाटेच्या अंधारात जागे होते आणि पर्यटकांची गाडी येऊन पोहोचते तोवर त्याचा दिवस जवळजवळ संपत आलेला असतो. ज्या शांततेसाठी तुम्ही जाऊ पाहता ती या दुसऱ्या गावाची दुपारची विश्रांती आहे, हे ध्यानात ठेवले की दिवसाची आखणी आपोआप बदलते.

आधी किल्ल्याकडचे थोडक्यात. तंजावरचा रघुनाथ नायक आणि डॅनिश दर्यासारंग ओवे ग्येडे यांच्यात १६२० साली करार झाला, डेन्मार्कच्या कंपनीला इथे किल्ला बांधून व्यापार करण्याची परवानगी मिळाली आणि ‘डान्सबोर्ग’ उभा राहिला. रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर तमिळमध्ये लिहून पाठवलेले पत्र आजही कोपनहेगनमध्ये जपून ठेवलेले आहे. पुढे १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि डॅनिशांचा वार्षिक खंड भोसल्यांच्या दरबारी जाऊ लागला. म्हणजे मराठी माणसाला हे गाव वाटते तितके परके नाही. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेयस झिगेनबाल्ग हा जर्मन मिशनरी इथे उतरला, त्याने तमिळ शिकून छापखाना उभारला आणि बायबलमधील ‘नवा करार’ तमिळमध्ये छापला. १७१८ साली त्याने बांधलेल्या न्यू जेरुसलेम चर्चमध्येच त्याचे थडगे आहे. अखेर १८४५ साली डेन्मार्कने तरंगंबाडी आणि बंगालमधील श्रीरामपूर या वसाहती साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकल्या. हे श्रीरामपूर म्हणजे मिशनरी विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये जिथे छापले गेले तेच. किल्ल्यातील लहानसे संग्रहालय मात्र अपेक्षा न ठेवता पाहावे. नाणी, चिनी मातीची भांडी, जुने नकाशे आणि दस्तऐवज यांची मांडणी साधी आहे, आणि मला स्वतःला आतल्या वस्तूंपेक्षा वरच्या गच्चीवरून दिसणारा किनाऱ्याचा पट्टा अधिक सांगणारा वाटतो.

त्या गच्चीवरून डावीकडे मासिलामणिनाथाचे मंदिर दिसते. चौदाव्या शतकाच्या आरंभी पांड्य राजाने बांधलेल्या या शिवमंदिराचा पुढचा भाग समुद्राने केव्हाच खाल्ला असून उरलेल्या भागाला वाचवण्यासाठी मोठमोठ्या दगडांचा बांध घातलेला आहे. हा किनारा गेली कित्येक शतके आत सरकत आला आहे. कोकणात आपल्याला खडकाळ सडे, खाड्या आणि डोंगराची पाठराखण असते. इथे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाची सपाट, रेताड जमीन समुद्राला सरळ भिडते आणि मध्ये आडोसा असा काही नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचे पाणी याच कारणाने इतके आत घुसले. तरंगंबाडी तेव्हा नागपट्टिनम जिल्ह्यात होती (आता ती २०२० साली झालेल्या मयिलादुतुरै जिल्ह्यात येते), आणि त्या एका जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. समुद्राला सर्वांत जवळ मच्छिमारांचीच घरे असल्याने सर्वाधिक हानी त्यांची झाली, हे सांगायला नकोच.

तारीख पुढे ढकलण्याचा सल्ला देतो तो यासाठीच. दर वर्षी २६ डिसेंबरला या किनाऱ्यावरील गावे मासेमारीसाठी समुद्रात जात नाहीत. लोक मिरवणुकीने किनाऱ्यावर येतात, पाण्यात दूध ओततात, फुले सोडतात, आणि वीस वर्षे उलटून गेली तरी तो रडण्याचा दिवस आहे. नेमक्या त्या दिवशी सुट्टीच्या मनःस्थितीत तिथे असणे आपल्यालाच अवघड होते. दुसरे कारण हवामानाचे आहे. इकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांनी पडतो, बंगालच्या उपसागरातील वादळेही याच काळात येतात, आणि बावट्याची सूचना लागली की नौका किनाऱ्यावरच राहतात. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत समुद्र निवळलेला असतो आणि उन्हाचा तडाखाही अजून सुरू झालेला नसतो. १५ एप्रिल ते १४ जून या काळात पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा गाव पाहायचे म्हणून मुळीच जाऊ नये. आपल्याकडची बंदी जून-जुलैत असल्यामुळे ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता पहाटेविषयी, कारण खरे पाहण्यासारखे तेच आहे. उजाडण्याआधी किनाऱ्यावर जाऊन वाळूत एका कडेला उभे राहावे. कोकणातील माणसाला समुद्रात सूर्य बुडताना पाहण्याची सवय. इथे तो समुद्रातून वर येतो आणि त्याच्या उजेडात परतणाऱ्या नौका आधी काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. जुनी लाकडी ओंडक्यांची कट्टुमरम आता फारशी उरलेली नाही. त्सुनामीनंतर मदतीत मिळालेल्या फायबरच्या नौकांनी तिची जागा घेतली. नौका वाळूवर ओढून घेतली की जाळे सोडवण्याचे काम सुरू होते, आणि ते बघत बसावे असे आहे. खेकड्यांचे जाळे असेल तर माणूस खेकड्याला उताणा करतो, अंगठ्याने त्याला दाबून धरतो, आणि नायलॉनचा धागा एकेका पायातून अशा बेताने उलटा काढतो की नांगी मोडत नाही. नांगी मोडलेल्या खेकड्याचा भाव पडतो. घाईत असलेला पोरगा ती मोडतो आणि शेजारच्या म्हाताऱ्याचे बोलणे खातो. थोड्या अंतरावर बायकांचा घोळका, मधोमध वाळूत ओतलेला मासळीचा ढीग आणि भाव पुकारणारा माणूस. लिलाव इतक्या वेगाने होतो की तमिळ येत असूनही मला कित्येकदा सौदा तुटल्याचे बायका टोपल्या उचलू लागल्यावरच कळले. अलीकडच्या वर्षांत इथे मासेमारी बंदर झाल्याने मोठ्या नौकांची उलाढाल तिकडे चालते, परंतु वाळूवरचा हा व्यवहार अजून टिकून आहे.

मासळी ओळखीचीच आहे, नावे तेवढी निराळी. वंजिरम म्हणजे सुरमई, वव्वाल म्हणजे पापलेट, मत्ती म्हणजे तारली, आणि नेत्तिली म्हणजे मांदेलीच्या जातकुळीतला बारीक मासा, जो दुपारी जाळ्यांवर पसरून वाळवलेला दिसेल आणि त्याच्यावर कावळ्यांपासून राखण करणारी एखादी आजीही दिसेल. जेवणात मीन कुळंबु मागावा. कोकम आणि ओल्या नारळाच्या वाटणावर वाढलेल्या जिभेला चिंचेचा तो काळपट, धणे-मिरचीचा झणझणीत रस्सा पहिल्या घासाला उग्र लागतो. मला तो दुसऱ्या दिवशी उरलेला, शिळा अधिक आवडतो, आणि तिथली माणसेही हेच सांगतात. आईवडील शाकाहारी असतील तर काळजी नको. आठ-एक किलोमीटरवर तिरुक्कडैयूर हे मोठे देवस्थान आहे, तेथे षष्ट्यब्दीपूर्ती आणि सहस्रचंद्रदर्शनाचे विधी करण्यासाठी दूरदूरचे लोक येत असल्याने साध्या शाकाहारी खानावळी भरपूर आहेत. वडिलांची साठी झाली असेल तर हा योग जुळवूनही घेता येईल.

वागण्याविषयी दोन शब्द, कारण शांत गावात पाहुण्याचा उपद्रव लवकर होतो. तो किनारा त्या लोकांची कामाची जागा आहे. न विचारता बायकांची छायाचित्रे काढू नयेत. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘अण्णा’ आणि बाईला ‘अक्का’ म्हणून हाक मारली, कॅमेरा दाखवून मानेने विचारले, तर बहुधा होकार मिळतो, आणि नकार आला तर तो मानावा. पसरलेल्या जाळ्यांवरून चालू नये. त्सुनामीच्या आठवणी स्वतःहून उकरून काढू नयेत. कुणी आपणहून बोलू लागले तर ऐकावे. गावाचे निर्णय मच्छिमार समाजाची स्वतःची पंचायत घेते, कोणते जाळे वापरायचे इथपर्यंत, आणि तिचा शब्द चालतो. सुरुक्कुवलै म्हणजे आपल्याकडच्या पर्ससीनसारख्या जाळ्यावरून या किनाऱ्यावरील गावागावांत कडाक्याचे मतभेद आहेत, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. मालवण-रत्नागिरीकडचा वाद ठाऊक असलेल्या माणसाला हा विषय काढण्याचा मोह होईल, पण पहिल्याच ओळखीत तो काढू नये.

समुद्रात पोहण्याचा बेत असेल तर तो सोडून द्यावा. किनारा चटकन खोल होतो, ओढ जबरदस्त आहे, दगडांच्या बांधाजवळ तर पाऊलही टाकू नये, आणि वाचवायला धावणारे कुणी नेमलेले असेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. लहान मुले बरोबर असतील तर याची आधीच कडक समज द्यावी.

राहण्याची सोय मर्यादित आहे. किल्ल्याजवळच्या इंग्रज अमदानीतील एका बंगल्यात निमराणा समूहाने हॉटेल केले आहे. ते महाग आहे, पण तुमच्या आईवडिलांना पायी फिरण्याच्या टप्प्यात सगळे मिळेल, म्हणून परवडत असेल तर तेच घ्यावे. एरवी काही साधी निवासस्थाने आहेत, किंवा पंधरा-एक किलोमीटरवरील कारैकालमध्ये खोली घेता येते. कारैकालहून पहाटे निघून येणे मात्र वयस्कर माणसांना त्रासाचे होते आणि मग लिलाव हमखास चुकतो.

पोहोचण्यासाठी चेन्नईहून रेल्वेने मयिलादुतुरै गाठावे. तेथून तरंगंबाडी सुमारे तीस किलोमीटर आहे, बस मिळते आणि टॅक्सीही. बस महामार्गावर उतरवते, पुढे समुद्रापर्यंत रिक्षा करावी लागते. चेन्नईहून थेट मोटारीने येण्याचा मार्ग पुदुच्चेरीवरून आहे, पण तो आईवडिलांना एका दमात करायला लावू नये. परतताना मात्र त्याच वाटेने न जाता तंजावरमार्गे जावे, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारात १८०३ साली कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचे ढीग आहेत. त्याशिवाय शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये दुसऱ्या सरफोजींनी आपल्या गुरूच्या, जर्मन मिशनरी श्वार्ट्झच्या, स्मरणार्थ बसवलेले संगमरवरी शिल्प आहे. हा श्वार्ट्झ १७५० साली भारतात आला तो तरंगंबाडीलाच. दुसऱ्या दिवशीचा लिलाव आटोपल्यावर न्याहारी करून निघालात तर दुपारच्या जेवणाला तंजावरला पोहोचाल. देऊळ मात्र ऊन उतरल्यावर, चारनंतर पाहावे, कारण दुपारी ते काही वेळ बंद असते आणि आवारातील दगड अनवाणी पायांना सोसवत नाहीत.