तीन इंजिनांचा हिशेब

सोलापूर

प्रिय बाळ, अनेक आशीर्वाद.

चारपैकी एक इंजिन बंद पडलं, विमान नीट उडतंय, तर पुढं जायचं की परत फिरायचं, असं तू विचारलंस. दोन इंजिनांचं आधी सांगतो. होटगी रोडच्या विमानतळावरून उडणारं छोटं एटीआर विमान असो की मोठं बोइंग 777, एक गेलं की वेळेच्या हिशेबानं सर्वांत जवळचा योग्य विमानतळ गाठायचा. तिथं चर्चा नाही.

चार इंजिनं असली की निर्णय कॅप्टनवर येतो. 20 फेब्रुवारी 2005 ला ब्रिटिश एअरवेजचं 747 लॉस एंजेलिसहून लंडनला निघालं आणि उडताच दोन नंबरचं इंजिन गेलं. लगेच उतरायचं तर कित्येक टन इंधन हवेत सोडावं लागलं असतं. कंपनीशी बोलून कॅप्टन पुढं निघाले. पण तीन इंजिनांवर उंची कमी मिळते, बंद इंजिन हवा अडवतं, इंधन जास्त जळतं. हीथ्रो सोडून मँचेस्टर धरावं लागलं. त्यातच एका टाकीतलं इंधन वापरता येईल की नाही अशी शंका आली आणि आणीबाणी जाहीर झाली. सगळे सुखरूप उतरले, पण मला ही टाकीची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इंजिन बंद पडलं की त्याच्या टाकीतलं इंधन पंप आणि व्हॉल्व्हनं बाकीच्यांकडे वळवावं लागतं. काट्यावर दिसतं ते सगळं हाताशी आहे असं धरू नकोस.

तुझ्या वडिलांच्या मागावर ताण्याचा धागा तुटला की ते माग थांबवून गाठ मारतात. आपल्याला थांबता येत नाही. म्हणून कुठं वळायचं ते आधीच ठरवायचं.

मी एकदा रात्री समुद्रावर तीन इंजिनांवर पुढं गेलो होतो. अमुक बिंदूला अमुक इंधन नसेल तर वळायचं, हे तिघांनी मिळून ठरवलं होतं. फ्लाइट इंजिनियर दर अर्ध्या तासानं टाक्यांचे आकडे कागदावर मांडायचे. पाचव्या ओळीला त्यांची पेन्सिल थांबली. सहाशे किलो कमी. कुणी काही बोललं नाही, मी विमान वळवलं. सगळं सुरळीत वाटत असताना वळणं किती जड जातं, ते मला त्या रात्री कळलं.

रविवारी नकाशा आणि इंधनाचे तक्ते घेऊन ये. मुंबई-लंडन आखू, तिसऱ्या तासाला एक इंजिन बंद करू. कुठं उतरायचं ते तू सांग.

तुझा,
काका