गिधाडे गेली कुठे?

प्रश्न : आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की थोड्याच वेळात गिधाडे उतरत. आता तेथे भटकी कुत्रीच दिसतात. गिधाडे दुसरीकडे गेली काय? – एक वाचक, महाड

उत्तर : दुसरीकडे गेली नाहीत, मेली, आणि तीही कोणी मारायचे ठरवलेले नसताना. लंगड्या, दुखऱ्या गुरांना टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर चढतो, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. एकाच जनावरावर अनेक गिधाडे तुटून पडत असल्यामुळे अशी थोडीशी मेलेली जनावरेही थवेच्या थवे संपवायला पुरले. वर्षाला जेमतेम एक अंडे घालणारा पक्षी ही तूट भरून काढणार कशी? जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, परंतु माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यापर्यंत पोहोचतच राहिल्या (औषधाच्या दुकानात कोण विचारतो, सुई कोणाला टोचणार म्हणून!), तेव्हा २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरची करावी लागली. आपले जनावर दुखणाईत झाल्यास पशुवैद्यांना मेलॉक्सिकॅम या दुसऱ्या वेदनाशामकाविषयी अवश्य विचारावे. ते गिधाडांना बाधत नाही.