चोरीला गेलेले चाक आपलेच, हे कसे दाखवावे?

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबाग परिसरात राहतो. गेल्या आठवड्यात इमारतीखाली लावलेल्या मुलाच्या गिअरच्या सायकलचे पुढचे चाक आणि दांड्यासकट सीट रात्रीतून कोणीतरी काढून नेली. दोन्हींची किंमत चार हजारांच्या घरात आहे. पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद घेऊन तिची प्रत दिली. आता आमच्या मिस्त्रींनी तसेच चाक एका जुन्या सामानाच्या दुकानात पाहिले आहे. त्याच्या काळ्या तारांमध्ये दोन पांढऱ्या तारा आहेत, आणि त्या त्यांनीच बदलल्या होत्या. मी जाऊन ते विकत घ्यावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कृपया घेऊ नये, आणि दुकानदाराशी वादही घालू नये. पैसे मोजून चाक घरी आणले की ते कोणाकडून आले याचा माग तेथेच तुटतो, आणि त्याच वाटेने गेलेली सीट मिळण्याची आशाही मावळते. हिसकावून आणल्यास उलट तक्रार आपल्यावरच व्हायची. चोराकडून विकत घेणाऱ्याला सहसा मालकी मिळत नाही, त्यामुळे दुकानदाराने पैसे दिले असले तरी आपला हक्क बुडत नाही. मात्र चाक पुढे विकले जाऊ नये म्हणून ही माहिती आजच ठाण्यात लेखी द्यावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये, चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल आणि आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल, तर माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. एवढ्या किमतीची चोरी अदखलपात्र धरली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, म्हणूनच आपल्या हाती फक्त ती प्रत आली. ती जोडून दंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करता येतो. त्याआधी बिले काढून बेरीज पाच हजारांपर्यंत जाते का, हे पुन्हा तपासावे, कारण टायर, ट्यूब, हब, क्विक रिलीजचा (पाना न लावता चाक काढता येणारा) दांडा हेही चाकाबरोबर गेले आहेत आणि घाईत ते बरेचदा धरायचे राहून जातात. आकडा मात्र फुगवू नये.

खरी कसोटी ओळख पटवण्याची आहे. सायकलचा क्रमांक पायडलच्या आसाखाली सांगाड्यावर कोरलेला असतो. चाकावर आणि सीटवर तसा काही नसतो. म्हणून त्या दोन पांढऱ्या तारा मोलाच्या आहेत. त्या व्हॉल्व्हपासून कोणत्या बाजूला, कितव्या क्रमांकावर आहेत, हे मिस्त्रींना आठवत असेल तर चाक पुन्हा पाहण्याआधीच त्यांच्या सहीने लिहून ठेवावे. नुसत्या ‘दोन पांढऱ्या तारा’ दुसऱ्या एखाद्या चाकातही निघू शकतील. रिमवरचा ओरखडा, टायरची झीज, ट्यूबवरचे ठिगळ, जे आठवेल ते त्याच कागदावर यावे. सीटच्या दांड्यावर क्लॅम्पने पाडलेला वळ किती उंचीवर होता, हेही मुलाला विचारावे. रोज चालवणाऱ्याला ते आपल्यापेक्षा नेमके ठाऊक असते. जुने फोटो असतील तर मोठे करून पाहावेत.

चाक जप्त झाल्यावर ते मुद्देमाल म्हणून पोलिसांच्या ताब्यात राहील आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने परत मिळेल. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो; मिस्त्रींच्या सहीचा हाच कागद आणि खरेदीची पावती त्याला जोडावी.