तुमचे प्रश्न : मुक्त स्रोत गटाचं वर्षाचं नियोजन

प्रश्न : आमच्या नऊ जणांच्या गटात कोणी विद्यार्थी, कोणी शिक्षक, तर दोघं शेती सांभाळून कोड लिहिणारे. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचा मराठी अनुवाद करतो आणि पावसाच्या नोंदीचं एक मुक्त स्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेलं, अॅप सांभाळतो. मागच्या जानेवारीत फळ्यावर चौदा उद्दिष्टं लिहिली, तीन झाली. यंदा कसं ठरवावं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आधी तास काढा. कबूल केलेले नव्हे, खरोखर दिलेले. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही. तिच्या शॉर्टलॉगला, म्हणजे नावानिशी यादीला, एक वर्षाची मर्यादा लावा, मर्ज कमिट (नुसत्या जोडणीच्या नोंदी) वगळा. कोणाच्या नावावर किती काम पडलं ते दिसेल. पण तेवढ्यावर विसंबू नका. दुसऱ्याचा कोड तपासणारा आणि तक्रारींना उत्तरं देणारा माणूस त्या यादीत येतच नाही.

समजा नऊपैकी चौघं नियमित निघाले, प्रत्येकी आठवड्याला ३ तास. झाले १२. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून परीक्षा, पेरणी, महालक्ष्म्या, सोयाबीनची काढणी, दिवाळी, लग्नसराई मिळून १६ कापा. (वेळा अमावस्येला तुमच्याकडे सगळं शहर शेतात जेवायला जातं, त्या आठवड्यात बैठक ठेवणारा एकटाच बसेल.) उरलेल्या ३६ आठवड्यांचे ४३२ तास. निम्मे देखभालीत जातात: इतरांकडून आलेले पॅच (दुरुस्त्या), बग (चुका), जुन्या झालेल्या लायब्ररी (बाहेरून घेतलेला तयार कोड). राहिले २१६. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे ५४ तास, बाजूला ठेवा. कोणीतरी नोकरी लागून पुण्याला जाणारच. हातात १६२ तास आले. त्यात पन्नासेक तासांची तीन कामं बसतात. मागच्या वर्षी तीनच झाली ती आळसामुळे नव्हे.

आता शब्दरचना. ‘अनुवाद शंभर टक्के करणे’ असं लिहू नका, कारण तो आकडा तुमच्या हातात नाही. मूळ इंग्रजी ओळीत नुसतं एक टिंब वाढलं, तरी पीओ फाइल (जिच्यात अनुवाद लिहितो ती) नव्या टेम्प्लेटशी, म्हणजे इंग्रजी ओळींच्या कोऱ्या यादीशी, जुळवताना एमएसजीमर्ज हे साधन तुमच्या ओळीवर ‘फझी’ची, म्हणजे ‘पुन्हा तपासा’ची, खूण करतं. पुढे प्रोग्राम वाचतो ती एमओ फाइल बनवताना एमएसजीएफएमटी हे साधन फझी ओळी घेतच नाही. तुम्ही केलेला अनुवाद फाइलमध्ये पडून असतो आणि पडद्यावर इंग्रजी झळकतं. म्हणून असं लिहा: ‘सप्टेंबरच्या आवृत्तीत फाइल्स, सेटिंग्ज आणि टेक्स्ट एडिटर या तिघांत फझी शून्य, रिकामी ओळ शून्य.’ हे झालं की नाही, यावर वाद होत नाही.

किती ओळी झेपतील ते अंदाजाने सांगू नका. घड्याळ लावून ५० ओळी करा. तपासणीसकट दोन तास लागले, तर १,२०० ओळींना ४८ तास, म्हणजे एक उद्दिष्ट संपलं. ग्नोम मार्च आणि सप्टेंबरात येतं, स्ट्रिंग फ्रीझ, म्हणजे मूळ इंग्रजी ओळी बदलणं बंद, त्याच्या काही आठवडे आधी. मोठा ढीग जुलैअखेर उपसा, फ्रीझनंतर फक्त फझी. नेमके तेव्हाच गणपती-महालक्ष्म्या असतात. शेवटची फेरी कोण मारणार हे आताच ठरवा.

अॅपचं वेळापत्रक मृगावर बांधा. मृग ७ जूनच्या आसपास लागतो. नवी सोय घालणं १० मेला बंद, २० मेला चाचणी आवृत्ती, ३० मेला अंतिम. पाऊस सुरू झाल्यावर डेटाबेसचा तक्ता बदललात, तर फोनमधल्या जुन्या नोंदी नव्या रचनेत न्याव्या लागतात. तिथे चूक झाली की ऐन हंगामातली नोंद तुटते.

प्रश्न : उद्दिष्टापुढे नाव लिहिलं की माणूस दबतो, नाही लिहिलं तर काम कोणाचंच नसतं.
– एक वाचक, परभणी

उत्तर : दोन नावं लिहा, एक करणारा, एक जोडीदार. काम दोन-तीन तासांच्या तुकड्यांत फोडा. तीन आठवडे एकही तुकडा हलला नाही, तर जोडीदाराने न विचारता हाती घ्यायचं, हा नियम जानेवारीतच सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या. दर तीन महिन्यांनी पाऊण तास बसा. सोडायचं ते सोडा, पण यादीतून पुसू नका. पुढे ‘सोडलं’ लिहून एका ओळीत कारण द्या. पुढच्या जानेवारीत तीच ओळ कामाला येते.

प्रश्न : सगळे पासवर्ड एकाच मित्राकडे आहेत. हे उद्दिष्टांत घालावं का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नको, या रविवारीच उरका. डोमेन, सर्व्हर, कोडचा साठा, तिन्हीकडे दोन-दोन मालक. सगळ्यात आधी अँड्रॉइडची साइनिंग की (आवृत्ती तुमचीच आहे हे पटवणारी डिजिटल किल्ली) पाहा. ती हरवली तर नवी आवृत्ती जुन्यावर बसत नाही. लोकांना जुनं अॅप काढावं लागतं आणि फोनमध्येच साठवलेल्या नोंदी जातात. प्ले स्टोअरवर की गुगलकडे ठेवलेली असेल तर मार्ग निघतो. एपीके (फोनवर बसवायची फाइल) थेट वाटत असाल तर निघत नाही, तेव्हा कीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि तिचा पासवर्ड त्या पेन ड्राइव्हवर ठेवू नका.