पहिल्यांदाच महिला रग्बी सेव्हन्स बघतेयस ना?

नियमांचं पुस्तक आत्ता उघडूच नकोस. स्क्रम, रक वगैरे बघता बघता कळेल. सुरुवातीला एवढं पुरे:

- हाताने पास मागे किंवा आडवा, पुढे नाही. ट्रायचे (चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवला की ट्राय) 5 गुण, नंतरच्या ड्रॉप किकचे (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारलेली किक) 2.
- नजर चेंडूलाच चिकटवू नकोस. नवखे इथेच फसतात. मैदान पंधराजणींच्या रग्बीएवढंच, खेळाडू सात. कडेला मोकळी जागा कुठे पडतेय ते बघ.
- सात-सात मिनिटांचे दोन हाफ. वेळ संपली तरी चेंडू डेड (खेळाबाहेर) होईपर्यंत खेळ चालू, उठू नकोस!

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकासाठी अमेरिका 7-12 अशी मागे होती. अगदी शेवटी ॲलेक्स सेड्रिक ऑस्ट्रेलियाच्या बचावातून निसटली, जवळजवळ अख्खं मैदान धावून तिने ट्राय केला, किकही तिनेच मारली. 14-12! आधी हाच सामना बघ.